माजघरातले यंत्र

घरातील ज्या वस्तूला भोवतालचे काही जाणवते, जाणवलेले जी इंटरनेटवरून दुसरीकडे कळवू शकते आणि दुरून आलेल्या आज्ञेप्रमाणे वागू शकते, तिला आज 'स्मार्ट' म्हटले जाते. हाक मारताच दिवे लावणारा स्पीकर, दारात उभ्या असलेल्या माणसाचे चित्र फोनवर पाठवणारी घंटा, खोल्यांचा नकाशा काढत फिरणारा आणि केर काढणारा रोबो, कोण काय पाहते याची नोंद ठेवणारा टीव्ही आणि वीज कंपनीने बसवलेला नवा मीटर या सर्व वस्तू या व्याख्येत बसतात. त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा सौद्याच्या भाषेत होते: सोय हवी असेल तर थोडा खासगीपणा सोडावा लागेल आणि किती सोडायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. या मांडणीत दोन गोष्टी मुकाट्याने गृहीत धरलेल्या असतात. त्या सोयीसाठी तेवढी माहिती घराबाहेर जाणे अटळ आहे, हे पहिले गृहीतक. आणि सोय घेणारा व खासगीपणा गमावणारा माणूस एकच आहे, हे दुसरे. दोन्ही गृहीतके बहुतेक वेळा टिकत नाहीत, आणि ती का टिकत नाहीत हे समजून घेण्यासाठी या उपकरणांच्या पोटात काय चालते ते जवळून पाहावे लागते.

त्याआधी 'खासगी' या शब्दाकडे पाहणे उपयोगाचे आहे. अरबी 'खास'पासून फारसीच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द राज्यकारभाराच्या भाषेत बराच काळ वावरला. होळकरांच्या राज्यात 'दौलत' म्हणजे राज्याचा महसूल आणि 'खासगी' म्हणजे राणीच्या स्वतःच्या अखत्यारीतील उत्पन्न असा भेद होता, आणि अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाटांचा व मंदिरांचा खर्च या खासगीतून झाला असे सांगितले जाते. नदीकाठचे ते घाट कोणापासूनही लपलेले नव्हते. खासगी होता तो त्यामागचा अधिकार, म्हणजे कशावर किती खर्च करायचा हे ठरवण्याची मुखत्यारी. आजच्या प्रश्नातही हाच अर्थ कामाचा आहे. एखादी गोष्ट गुप्त असणे म्हणजे गोपनीयता. ती कोणापर्यंत पोहोचावी हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे असणे म्हणजे खासगीपणा. 'आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे' असे जे अनेक घरांत म्हटले जाते, ते पहिल्या अर्थाने खरेही असेल, पण त्याने दुसऱ्या अर्थाला उत्तर मिळत नाही.

जुन्या मराठी घराच्या रचनेतच या अधिकाराची एक उतरंड बांधलेली होती. वाटसरू अंगणात थांबे, कामासाठी आलेला माणूस ओसरीवर बसे, सोयरेधायरे माजघरापर्यंत येत, आणि स्वयंपाकघर व देवघर यांचे नियम आणखी वेगळे असत. ही उतरंड निर्दोष मुळीच नव्हती. जातीच्या आणि स्त्रीपुरुषभेदाच्या भिंतीही तिनेच उभ्या केल्या होत्या आणि त्या पडल्या हे चांगलेच झाले. पण कोणती गोष्ट कोणत्या उंबरठ्यापर्यंत जावी याची जाण तिच्यात होती. तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २००४ मधील एका निबंधात आणि पुढे २०१० च्या 'प्रायव्हसी इन कॉन्टेक्स्ट' या ग्रंथात हाच विचार शास्त्रीय रूपात मांडला. माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे संकेत पाळून ती पुढे गेली तर खासगीपणा शाबूत राहतो, आणि ते संकेत मोडून गेली तर तो भंगतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डॉक्टरला सांगितलेला आजार डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला सांगणे योग्य, पण तोच आजार विमा विकणाऱ्याच्या कानावर गेला तर विश्वासघात होतो, जरी माहिती शब्दशः तीच असली तरी.

मुंबईच्या चाळीचे उदाहरण इथे बोलके आहे. सामाईक गॅलरी, दिवसभर उघडी दारे आणि मधल्या पातळ भिंती यांमुळे शेजारच्या खोलीतील भांडण ऐकू येतच असे; परंतु ऐकू येणे आणि ऐकणे यांत तिथली माणसे फरक करीत, आणि जे कानावर पडले ते काही दिवसांत विरून जाई. कोणी ते साठवून ठेवत नसे, वर्षभरातील भांडणांची बेरीज करत नसे आणि ती बेरीज तिसऱ्याला विकत नसे. आजच्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्याला काहीच ऐकू जात नाही, मात्र साठवण, बेरीज आणि विक्री या तिन्ही क्रिया तिथे शक्य झाल्या आहेत.

ॲमेझॉनचा 'एको' हा स्पीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत आला आणि २०१७ मध्ये भारतात. गूगलचा 'होम' २०१८ मध्ये भारतात पोहोचला आणि त्याच वर्षी गूगल असिस्टंट मराठीतही उत्तरे देऊ लागला. पहिल्या एकोच्या माथ्यावर सात मायक्रोफोन गोलाकार बसवलेले होते, कारण आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखून त्या दिशेचा आवाज ठळक करणे आणि मागे चाललेला पंखा किंवा टीव्ही मंद करणे त्यामुळे साधते. हे मायक्रोफोन सतत चालू असतात. उपकरणातील एक छोटा प्रोग्राम शेवटच्या काही क्षणांचा ध्वनी एका फिरत्या स्मृतीत धरतो, तिच्यात नवा ध्वनी येताच जुना पुसला जातो, आणि त्या काही क्षणांत ठरलेला हाकेचा शब्द आहे का एवढेच तो तपासत राहतो. शब्द सापडला असे त्याला वाटले की दिवा लागतो आणि पुढचे बोलणे कंपनीच्या दूरवरच्या संगणकांकडे, ज्यांना एकत्रितपणे 'क्लाउड' म्हणतात, रवाना होते. तेव्हा हे यंत्र चोवीस तास सगळे बोलणे बाहेर पाठवते ही समजूत चुकीची आहे, आणि हाक मारल्याशिवाय ते काहीच पाठवत नाही हा दिलासाही पुरता खरा नाही.

याचे कारण 'सापडला असे वाटले' या शब्दांत आहे. यंत्र शब्द ओळखत नाही, ध्वनीचे साम्य मोजते आणि ते साम्य एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की जागे होते. मर्यादा कडक ठेवली तर घरच्यांना दोनतीनदा हाक मारावी लागते आणि ते वैतागतात. सैल ठेवली तर भलत्याच शब्दाला यंत्र ओ देते. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठ आणि माक्स प्लांक संस्था यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे चुकीने जागे करणारे एक हजारांहून अधिक ध्वनिसमूह शोधून काढले, त्यांत एकोमधील 'अलेक्सा' या आवाजी सहायकाला जागे करणाऱ्या 'अनॲक्सेप्टेबल' आणि 'इलेक्शन' या शब्दांचा समावेश होता. त्या चाचण्या इंग्रजी, जर्मन आणि चिनी भाषांतील होत्या, परंतु मराठी घरांतील गप्पांत 'इलेक्शन' हा शब्द किती सहज येतो हे सांगायला नको. ही मर्यादा कुठे ठेवायची हे कंपनी ठरवते, आणि चुकून जागे होण्यापेक्षा हाक ऐकू न जाणे हे तिच्या धंद्याला अधिक मारक असते, त्यामुळे तिचा कल कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज बांधता येतो.

चुकून टिपलेले बोलणे केवळ यंत्रापाशी राहत नाही. यंत्राने शब्द बरोबर ओळखला की नाही हे शिकवण्यासाठी काही ध्वनिमुद्रणे माणसांनी ऐकून लिहून काढावी लागतात. ॲमेझॉनने या कामासाठी निरनिराळ्या देशांत हजारो माणसे नेमली आहेत आणि त्यांत भारतातील माणसेही आहेत, हे वृत्त एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्गने दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीच्या पत्रकारांना गूगल असिस्टंटने टिपलेली एक हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे ऐकता आली, आणि त्यांपैकी १५३ मुद्रणे अशी होती की ज्यांत हाकेचा शब्द उच्चारलाच गेला नव्हता. झोपण्याच्या खोलीतील बोलणी आणि मुलांशी चाललेले संवादही त्यांत होते. ॲपलच्या 'सिरी'बाबतही तसेच उघड झाले आणि त्यावरील दाव्यात कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ९.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. ज्या भाषेचा ध्वनिसाठा मोठा असतो तिथे माणसाच्या कानांची गरज हळूहळू कमी होऊ शकते. मराठीसारख्या भाषेत, जिथे कोल्हापुरी, वऱ्हाडी, मालवणी आणि पुणेरी उच्चार यंत्राला वेगवेगळे शिकवावे लागतात, तिथे ती गरज दीर्घकाळ राहणार आहे.

आता पहिल्या गृहीतकाकडे वळता येईल. 'दिवा बंद कर' एवढी आज्ञा ओळखण्यासाठी ध्वनी हजारो किलोमीटर दूर पाठवण्याची आज तांत्रिक गरज उरलेली नाही. ॲमेझॉनच्याच काही मोजक्या एको उपकरणांत, अमेरिकन इंग्रजीपुरता का होईना, बोलण्यावर उपकरणाच्या आतच प्रक्रिया करून ध्वनिमुद्रण बाहेर न पाठवण्याचा पर्याय दिलेला होता. तो पर्याय कंपनीने २८ मार्च २०२५ पासून काढून घेतला, आणि नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुविधांना क्लाउडची ताकद लागते असे कारण सांगितले. नव्या सुविधांना ती ताकद लागत असेलही. पण ज्याला दिव्यापुरतीच आज्ञा द्यायची होती, त्याच्यापुढे 'कमी सुविधा, पण आवाज घरात' हा मार्गच उरला नाही, आणि तो बंद करताना त्याला कोणी विचारले नाही. ही किंमत निसर्गनियमाने ठरलेली नव्हती. एका बैठकीत ठरली होती. साठवणीबाबतही तेच दिसते. मुलांची ध्वनिमुद्रणे अनिश्चित काळ जपून ठेवल्याबद्दल आणि पालकांनी माहिती पुसायला सांगूनही ती पूर्णपणे न पुसल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर कारवाई केली, तेव्हा कंपनीने आरोप अमान्य ठेवून २.५ कोटी डॉलरचा दंड स्वीकारला. मुलाने विचारलेल्या पाढ्याचे उत्तर देऊन झाल्यावर त्याचा आवाज वर्षानुवर्षे ठेवल्याने त्या मुलाची कोणतीही सोय होत नाही.

स्पीकर घ्यायचा की नाही हे निदान घरच्यांच्या हातात असते. वीज मीटरचे तसे नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार अधिक बारकाईने व्हायला हवा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात जॉर्ज हार्ट यांनी असे दाखवले की घराच्या एकूण वीजवापराचा आलेख पुरेसा बारीक मिळाला, तर घरात पाऊल न ठेवता कोणते उपकरण केव्हा चालू झाले हे ओळखता येते. प्रत्येक उपकरण चालू होताना आलेखात ठरावीक उंचीची पायरी चढते आणि बंद होताना तेवढीच उतरते. गिझरची पायरी दोन हजार वॉटची, सरळ आणि दहापंधरा मिनिटे टिकणारी. मिक्सरची पाचशे ते साडेसातशे वॉटची, पण काही सेकंदांची आणि थांबून थांबून येणारी, कारण चटणी वाटणारा हात मधेच झाकण उघडून पाहतो. फ्रिजची लहान, पण रात्रंदिवस ठरावीक अंतराने येणारी. गॅसवरच्या कुकरची शिट्टी या आलेखात उमटत नाही, पण त्याच्या आधीची मिक्सरची घरघर आणि नंतर लागलेला चिमणीचा पंखा उमटतो. हार्ट यांचे मोठेपण असे की या तंत्राचा धोका त्यांनी स्वतःच ओळखला. १९८९ मध्ये त्यांनी अभियंत्यांच्या एका नियतकालिकात लेख लिहून, वीजवापराच्या आलेखातून घरांवर पाळत ठेवली जाऊ शकते असा इशारा दिला, तोही त्यांचा या तंत्रावरील सर्वाधिक उद्धृत होणारा शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध होण्याआधी.

स्मार्ट मीटर दर सेकंदाचा आलेख पाठवत नाहीत, सामान्यतः पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वापर नोंदवतात, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. त्या नोंदींत मिक्सर दिसणार नाही. पण घर किती वाजता उठते, दुपारी घरात कोणी असते का, दिवाळीत चार दिवस कुलूप होते का, एखाद्या खोलीत रात्रभर एसी चालू झाला का आणि रात्री तीन वाजता रोज कोणी जागे असते का, हे त्यांतून वाचता येते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक याच कारणासाठी अडवले. अमेरिकेतील नेपरव्हिल शहराच्या प्रकरणात तेथील सातव्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये असा निर्वाळा दिला की पंधरा मिनिटांच्या अंतराने वीजवापर टिपणे ही घटनेच्या अर्थाने घराची झडतीच आहे. मात्र ती फौजदारी तपासासाठी नसून वीजव्यवस्थेसाठी असल्याने वाजवी ठरते. वीज मोजण्याला न्यायालयाने झडती म्हणावे, यातच या आलेखाचे वजन कळते.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला मोठा विरोध झाला आणि सामान्य घरगुती ग्राहकांना ते लावणार नाही असे सरकारने जाहीर केले. त्या विरोधाचा भर बिल वाढण्यावर आणि आगाऊ पैसे भरण्यावर होता. त्यानंतर महावितरणने बिल नंतरच येणारे 'टीओडी' मीटर बसवायला घेतले. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर, आणि १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, तेव्हा तिचा वापर वाढावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे आणि सवलतही खरी आहे. पण या सवलतीला माहिती किती लागते? महिन्याच्या शेवटी दोनचार आकडे पुरतात: त्या वेळेत इतके युनिट, उरलेल्या वेळांत इतके. ही बेरीज मीटर स्वतःच्या पोटात करू शकतो. वेळेनुसार युनिट वेगवेगळ्या खात्यांत मोजण्याची ही पद्धत उद्योगांच्या मीटरवर अनेक वर्षे चालत आलेली आहे. वीजव्यवस्थेला बारीक आलेखाचीही गरज असते, कारण कोणत्या डीपीवर, म्हणजे परिसराला वीज वाटणाऱ्या रोहित्रावर, केव्हा भार येतो आणि चोरी कुठे होते हे कळावे लागते. पण ती गरज मुख्यतः डीपीवरच्या एकत्रित मोजणीने भागते, जिच्यात पन्नास घरांची एकच रेषा होते आणि कोणाचे माजघर वेगळे दिसत नाही. घराघराचा अर्ध्या तासाचा हिशेब किती काळ ठेवला जातो, कोण पाहू शकते आणि तो पोलिसांना किंवा कर्ज देणाऱ्याला कोणत्या अटीवर मिळेल, हे प्रश्न बिलाच्या प्रश्नाइतक्याच जोराने विचारले जायला हवेत.

माहिती सांकेतिक भाषेत, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवली की प्रश्न मिटतो असेही नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये झोपेवर लक्ष ठेवणारे उपकरण, घरातील कॅमेरा, स्मार्ट स्विच आणि एको स्पीकर अशी चार उपकरणे घेऊन केवळ त्यांच्याकडून जाणाऱ्या माहितीच्या लाटा मोजल्या. पाकीट न उघडताही घरी किती पाकिटे केव्हा येतात हे पोस्टमनला ठाऊक असते, तसेच मजकूर वाचता न येताही लाटांच्या चढउतारांवरून माणूस केव्हा झोपला, केव्हा उठला आणि कॅमेऱ्यासमोर केव्हा हालचाल झाली हे त्यांना ओळखता आले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला या लाटा दिसतातच.

दुसरे गृहीतक, सोय घेणारा आणि किंमत मोजणारा एकच असतो हे, घराच्या दारातच कोसळते. ऑक्सफर्ड येथील काउंटी न्यायालयात ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाली निघालेल्या एका वादात, शेजाऱ्याने चोरीच्या भीतीने लावलेल्या कॅमेरा-घंटा आणि इतर कॅमेऱ्यांमुळे शेजारणीच्या हक्कांचा भंग झाला असे न्यायाधीशांनी ठरवले, आणि चित्रापेक्षाही ध्वनी टिपण्यावर अधिक कडक ताशेरे ओढले, कारण चित्राची कक्षा मर्यादित असली तरी मायक्रोफोन तिच्या पलीकडचे बोलणे पकडत होता. पुण्या-मुंबईच्या इमारतीत दोन फ्लॅटची दारे समोरासमोर, जेमतेम पाचसहा फुटांवर असतात. तिथे एका दारावरची अशी घंटा दुसऱ्या घरात कोण केव्हा येते-जाते याची नोंदवही होते. एकाच छताखालीही हा प्रश्न उभा राहतो. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये असा निर्णय दिला की सामाईक घराच्या राहत्या भागात सहनिवाशांच्या संमतीशिवाय सीसीटीव्ही चालवता येणार नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

सर्वांत कमी बोलले जाते ते घरात कामाला येणाऱ्या बायकांविषयी. स्वयंपाकघरात लावलेल्या कॅमेऱ्यासमोर पोळ्या लाटणाऱ्या मावशींना तो बसवण्यापूर्वी कोणी विचारलेले नसते. घाम पुसायला पदर घेताना, उभ्या उभ्या चहाचे दोन घोट पिताना आणि स्वतःच्या मुलाशी फोनवर बोलताना त्या कोणाच्या तरी कार्यालयातील फोनवर दिसत असतात. तान्ह्या बाळाची काळजी खरी असते आणि पाळण्याकडे रोखलेला कॅमेरा समजण्यासारखा आहे. पण तो आहे हे सांगणे, तो कुठवर पाहतो हे दाखवणे आणि ध्वनी बंद ठेवणे या तीन गोष्टींनी बाळाच्या सुरक्षिततेत काहीही उणे होत नाही. कायदा या बाबतीत मावशींच्या बाजूने फारसा उभा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या माहितीच्या वापराला लागूच होत नाही. तो लागू होतो ते चित्रे साठवणाऱ्या कंपनीला.

आणि चित्रे कुठवर जातात याचा भरवसा कंपनीलाही नसतो. केर काढणाऱ्या 'रुम्बा' या रोबोच्या चाचणीसाठी बनवलेल्या यंत्रांनी २०२० मध्ये टिपलेली काही छायाचित्रे, त्यांत शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचेही होते, वस्तू ओळखायला यंत्राला शिकवण्यासाठी कंत्राटी कामगारांकडे गेली आणि तिथून व्हेनेझुएलातील काहींनी ती फेसबुकवरील गटांत टाकली, हे एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने डिसेंबर २०२२ मध्ये उघड केले. ती यंत्रे विक्रीची नव्हती आणि चाचणीत सहभागी झालेल्यांनी करारावर सह्या केल्या होत्या असे कंपनीने सांगितले. पण घरात वावरणाऱ्या सगळ्यांच्या वतीने एकाची सही पुरेशी मानणे हेच तर या क्षेत्राचे मूळ दुखणे आहे.

उपायांचा विचार करताना मराठीतला 'घरच्या घरी' हा शब्दप्रयोग फार नेमका आहे. जी माहिती घरात निर्माण होते तिच्यावर घरच्या घरी प्रक्रिया व्हावी आणि बाहेर जायचे तर केवळ उत्तर जावे, हे तत्त्व आज परवडणाऱ्या यंत्रांनी पाळता येते. कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर चित्रण ठेवले तर महिन्याचे शुल्कही वाचते. २०१३ मध्ये सुरू झालेली 'होम असिस्टंट' ही मुक्त स्रोत प्रणाली एका छोट्या संगणकावर चालते आणि दिवे, पंखे, संवेदक यांचा कारभार इंटरनेट बंद असतानाही सांभाळते. ती बसवायला थोडी खटपट लागते हे खरे. २०२२ मध्ये आलेल्या 'मॅटर' या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात परस्परांशी बोलू शकतात. मायक्रोफोनची वीज प्रत्यक्ष तोडणारे बटण आणि कॅमेऱ्यावर सरकणारे झाकण हे साधे उपाय कोणत्याही सेटिंगपेक्षा विश्वासार्ह आहेत, कारण ते डोळ्यांना दिसतात. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे हा तर शेजारधर्मच आहे: २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असे मूळ पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे व व्हिडिओ रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या एकवटलेल्या माऱ्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली.

कायद्याच्या बाजूने भारताचा पाया पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे असे एकमताने ठरवले. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यातील एक तरतूद मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे: संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागतो, आणि मराठी त्या बावीस भाषांपैकी एक आहे. मराठीतून आज्ञा घेणाऱ्या यंत्राने परवानगीही मराठीतून मागावी, ही अपेक्षा आता केवळ भाषाप्रेमाची राहिलेली नाही.

या साऱ्या प्रश्नांची खरी कसोटी लागते ती म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरात. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा बेंगळुरूत आणि आईवडील डोंबिवलीच्या किंवा सांगलीच्या दोन खोल्यांत, ही स्थिती हजारो मराठी कुटुंबांची आहे, आणि बाहेरच्या खोलीत बसवलेल्या कॅमेऱ्यामागे माया असते, पाळत ठेवण्याची इच्छा नसते. मुलीचा प्रश्न एवढाच असतो की आईबाबा नेहमीप्रमाणे उठले का. या प्रश्नाचे उत्तर दाराला लावलेला एक छोटा संवेदक देऊ शकतो: दारावर लोहचुंबक, चौकटीवर काचेच्या नळीतील दोन पातळ धातूच्या पट्ट्या, चुंबक जवळ असला की पट्ट्या चिकटतात, दार उघडले की सुटतात, आणि त्याला 'उघडे' व 'बंद' याखेरीज दुसरे काहीही कळत नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी दुधाची पिशवी आत घ्यायला वडिलांनी दार उघडले की मुलीच्या फोनवर एक शब्द उमटतो, आणि साडेसातपर्यंत उमटला नाही तर फोन वाजतो. कॅमेरा याच प्रश्नाचे उत्तर देतो, पण त्याबरोबर आईचे सुटलेले केस, वडिलांचे लुंगीवर फिरणे, पेपरवरून झालेली कुरबुर आणि भेटायला आलेल्या शेजारणीने सांगितलेली तिच्या घरची गोष्ट, हे सगळे तो एका परक्या कंपनीच्या हाती देतो.

काही आजारांत, विशेषतः स्मृतिभ्रंशात किंवा वारंवार पडण्याच्या भीतीत, संवेदक पुरत नाही आणि कॅमेरा लावावाच लागतो. तेव्हा तो बंद करण्याचे बटण फ्रिजच्या मागच्या प्लगवर ठेवता कामा नये. वाकून न बसता हात पोहोचेल अशा उंचीवर, देवघराशेजारच्या भिंतीवर ते असावे. आणि आईने ते दाबले तर न्यू जर्सीतल्या फोनवर 'उपकरणात बिघाड' असे न येता 'आईने बंद केले आहे' असे स्वच्छ मराठीत यावे.